मागेल त्याला काम : एका हक्काचा मागोवा

महाराष्ट्रात पगार घेणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकावर एक छोटी कपात असते. व्यवसाय कर, 200 रुपये. फेब्रुवारीत ती 300 होते आणि वर्षाची बेरीज 2500 वर थांबते, कारण राज्यघटनेने या कराची कमाल मर्यादा तेवढीच ठेवली आहे. भविष्यनिर्वाह निधी आणि प्राप्तिकर यांच्या शेजारी बसलेल्या या आकड्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पण 1975 साली हा कर आला तेव्हा त्यामागे एक स्पष्ट कारण होतं. खेड्यात अंगमेहनतीचं काम मागणाऱ्या माणसाला सरकारने काम दिलंच पाहिजे आणि त्याचा खर्च शहरातल्या पगारदाराने, व्यापाऱ्याने, डॉक्टर-वकिलानेही उचलला पाहिजे, हे ते कारण.

या कपातीचा माग काढत मागे गेलं की आपण रोजगार हमी योजनेपाशी पोचतो, तिथून 1972 च्या दुष्काळापाशी. पण मूळ त्याहून जुनं आहे. ते 1877 च्या जानेवारीत सापडतं, दख्खनच्या उघड्या माळावर दुष्काळी कामावर राबणाऱ्या आणि एके दिवशी काम टाकून उठून गेलेल्या हजारो माणसांमध्ये. 1877 साली उपाशी माणसालाच आपण खरोखर उपाशी आहोत हे सिद्ध करावं लागत होतं. बरोबर शंभर वर्षांनी, 1977 साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायदा केला आणि ती जबाबदारी फिरवली. काम मागितलं आणि मिळालं नाही, तर जाब सरकारने द्यायचा. हे शंभर वर्षांचं अंतर कुणी आणि कसं कापलं, हे समजून घेतलं पाहिजे. कारण माणसाचं भलं करण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग कोणता, या आज जगभर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं एक भक्कम उत्तर या प्रवासात आहे.

एक रतल धान्य

1876 चा पाऊस दख्खनला फिरकला नाही. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, विजापूर, धारवाड या पट्ट्यातली ज्वारी-बाजरी जळाली. सरकारने रस्ते आणि तलावांची दुष्काळी कामं काढली. त्याच सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने सर रिचर्ड टेंपल याला दुष्काळी भागाचा खास प्रतिनिधी म्हणून मद्रास आणि मुंबई इलाख्यांत धाडलं. खर्च आटोक्यात ठेवायचा, ही त्याची मुख्य कामगिरी.

तीनच वर्षांपूर्वी याच टेंपलने एक वेगळा दुष्काळ हाताळला होता. 1874 मध्ये बिहारमध्ये त्याने ब्रह्मदेशातून सुमारे पाच लाख टन तांदूळ आणवला, मोठ्या प्रमाणावर कामं काढली आणि जवळजवळ कुणालाच मरू दिलं नाही. त्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली नाही. उधळपट्टी केली म्हणून विलायतेतल्या वृत्तपत्रांनी आणि वरिष्ठांनी त्याला झोडपलं. 1877 साली दक्षिणेत आलेला टेंपल हा धडा शिकून आला होता. माणसं वाचवता येतात हे ठाऊक असलेल्याच माणसाकडून या वेळी काटकसरीचं धोरण राबवलं गेलं. म्हणून दोष एका अधिकाऱ्याच्या स्वभावावर ढकलून भागत नाही. काय केलं की बढती मिळते आणि काय केलं की बोलणी बसतात, हे ठरवणाऱ्या व्यवस्थेत तो दोष होता.

टेंपलने मजुरी उतरवली. पुरुष मजुराला दिवसाला दीड रतल धान्याऐवजी एक रतल, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर मीठमिरचीपुरता एक आणा. दिवसभर दगड फोडणाऱ्या शरीराला हे पुरत नाही, असं मद्रासचा आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश याने सरकारला ठणकावून कळवलं. सक्तमजुरीच्या कैद्याला तुरुंगात याहून जास्त अन्न मिळतं, हे त्याने दाखवून दिलं. पण मजुरी कमी ठेवण्यामागे नुसती बचत नव्हती, एक सिद्धान्त होता. मजुरी तुटपुंजी असावी, काम कष्टाचं असावं आणि घरापासून मैलोन्‌मैल लांब असावं. म्हणजे ज्याचा अगदीच निरुपाय झाला आहे तोच येईल, आळशी आणि लबाड आपोआप गळतील. गरीब माणूस संधी मिळाली की फसवतो, हे या सिद्धान्ताचं गृहीतक. या दुष्काळात ब्रिटिश मुलखातच 50 लाखांहून अधिक माणसं दगावली, असा अंदाज पुढे खुद्द सरकारी दुष्काळ आयोगाने मांडला.

अन्नछत्र आणि अर्ज

दुष्काळाला महाराष्ट्राने दोन प्रकारे उत्तर दिलं आणि दोन्ही उत्तरं मोलाची होती.

पहिलं उत्तर सत्यशोधक समाजाचं. 20 एप्रिल 1877 रोजी सावित्रीबाई फुले यांनी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्या भागातली उपासमार, गाव सोडून निघालेली माणसं आणि मदतीसाठी राबणारे सत्यशोधक कार्यकर्ते, या सगळ्याची हकिकत त्यात आहे. पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलांसाठी बालाश्रम चालवला गेला आणि त्याच्या खर्चासाठी जोतीरावांनी मदतीचं जाहीर आवाहन केलं. समोर उपाशी मूल उभं असताना धोरणाची चर्चा करत बसता येत नाही. त्याला आधी जेवू घालायचं असतं.

दुसरं उत्तर पुणे सार्वजनिक सभेचं. 1870 साली स्थापन झालेल्या या सभेचा प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत. 1877 च्या पहिल्याच दिवशी लिटनने दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं, तेव्हा सार्वजनिक काका हातानं कातलेल्या खादीच्या वेशात तिथे हजर होते. इकडे सभेने दुष्काळी जिल्ह्यांत आपली माणसं पाठवली. कुठल्या तालुक्यात किती पीक बुडालं, कामावर किती माणसं आहेत, त्यांच्या हाती किती मजुरी पडते, हे तपशील गोळा करून सभा सरकारला एकामागून एक निवेदनं पाठवत राहिली. या कामामागे न्यायमूर्ती रानडे यांची शिस्त होती. भावनेचं आवाहन थोडं, आकडे आणि दाखले भरपूर.

आणि मग खुद्द मजुरांनीच बोलायला सुरुवात केली. मजुरी उतरवल्यावर आणि लांबच्या कामांवर जाण्याचा हुकूम निघाल्यावर मुंबई इलाख्यातल्या लाखभर माणसांनी दुष्काळी काम सोडून दिलं. पोटात अन्न नाही, घरी दाणा नाही, अशा अवस्थेत माणसं कामावरून उठून जातात तेव्हा तो संप असतो आणि त्याची किंमत जिवाने मोजायची असते. सभेने या संपाची बाजू उचलून धरली. मद्रासमध्येही कॉर्निशच्या विरोधाचा रेटा वाढत गेला आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिथली मजुरी सरकारला पुन्हा वाढवावी लागली.

जोतीरावांनी हे दोन्ही मार्ग एकाच आयुष्यात जोडले. बालाश्रम चालवणाऱ्या याच माणसाने 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्यात शेतकरी कंगाल का होतो याची कारणं शोधली आणि सरकारने लष्कर आणि पोलीस खात्यातल्या रिकाम्या हातांकडून जागोजागी बंधारे घालून पावसाचं पाणी शेतात मुरवावं, अशी ठोस सूचना केली. उपाशी मुलाच्या ताटापासून पाण्याच्या धोरणापर्यंतचा हा प्रवास त्यांनी सहा वर्षांत केला. ज्याने भुकेला जवळून पाहिलं, त्यालाच ती कुठल्या नियमातून जन्मते हे दिसलं.

कागदावरचं कर्तव्य

दुष्काळाच्या भयंकर अनुभवानंतर सरकारने सर रिचर्ड स्ट्रेची याच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. 1880 साली त्याचा अहवाल आला. दुष्काळात लोकांना मदत करणं हे राज्याचं कर्तव्य आहे, असं त्यात मान्य झालं. 1883 मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला आणि प्रांतांनी त्यावरून आपापल्या संहिता बनवल्या. संकटाची चाहूल कशी ओळखायची, चाचणी कामं कधी काढायची, मजुरी कशी ठरवायची, म्हातारे आणि आजारी यांना घरबसल्या मदत कशी द्यायची, हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं. जगाच्या इतिहासात दुष्काळनिवारणाची इतकी तपशीलवार नियमावली क्वचितच झाली होती.

तरी तिच्यात दोन मोठी भोकं होती. गरिबाविषयीचा जुना संशय पुरता गेलेला नव्हता. आणि संहिता म्हणजे सरकारने आपल्याच नोकरांना दिलेल्या सूचना होत्या. दुष्काळ आहे की नाही हे सरकार ठरवणार. सरकारने दुष्काळ जाहीर केला नाही, तर उपाशी माणसाच्या हाती काहीच नाही.

हे भोक सर्वांत आधी ज्यांनी नेमकं हेरलं त्यांत लोकमान्य टिळक होते. 1895 मध्ये सार्वजनिक सभा त्यांच्या गटाकडे आली आणि पुढच्याच वर्षी पुन्हा दुष्काळ पडला. टिळकांनी दुष्काळ संहितेतल्या तरतुदी मराठीत आणल्या, ‘केसरी’तून समजावून सांगितल्या आणि सभेचे कार्यकर्ते त्या घेऊन गावोगाव गेले. पीक बुडालं असेल तर सारा माफ किंवा तहकूब व्हायला हवा, काम आणि मदत मिळायला हवी, हे सरकारनेच लिहून ठेवलंय. तेव्हा हात पसरू नका, मागणी करा, हा त्या प्रचाराचा आशय. अधिकाऱ्यांसाठी इंग्रजीत लिहिलेली नियमावली शेतकऱ्याच्या हाती मराठीत पडली. सरकारला हे किती झोंबलं? मार्च 1897 मध्ये लोकांच्या वतीने सरकारशी पत्रव्यवहार करण्याचा सार्वजनिक सभेचा अधिकारच काढून घेण्यात आला.

सूचनावजा संहितेची मर्यादा 1943 मध्ये बंगालने दाखवली. लाखो माणसं कलकत्त्याच्या रस्त्यांवर आणि खेड्यांत मरत असताना दुष्काळ जाहीरच झाला नाही. संहिता लागू केली तर तिच्यात लिहिलेलं धान्य द्यावं लागेल आणि ते हाताशी नाही, असं बंगालच्या गव्हर्नरने वर कळवलं होतं. अमर्त्य सेन यांनी या दुष्काळातल्या मृत्यूंचा अंदाज सुमारे 30 लाख असा केला आहे. साठ वर्षं जुनी, उत्तम लिहिलेली संहिता कपाटात राहिली. ती उघडायला लावण्याचा अधिकार कुणालाच नव्हता.

तासगाव ते विधानभवन

हा अधिकार निर्माण करण्याचं काम महाराष्ट्राने केलं आणि त्याची सुरुवात सांगली जिल्ह्यात झाली. वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. स्वातंत्र्यलढ्यातून आलेले, गांधीविचाराचे, 1960 ते 1978 अशी सलग अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती. गावात जमीन तुकड्या-तुकड्यांची, पाणी पावसाचं आणि वर्षातले कितीतरी महिने हात रिकामे, ही परिस्थिती ते जवळून पाहत होते. 1960 च्या दशकात त्यांनी आपल्या भागात प्रयोग सुरू केले. काम मागणाऱ्याला काम द्यायचं आणि त्या कामातून बांध, विहिरी, पाझर तलाव उभे करायचे. 1969 च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या अकरा गावांत ही कल्पना ‘पागे योजना’ म्हणून राबवली गेली. 1972 मध्ये, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, राज्य सरकारने ती रोजगार हमी योजना म्हणून स्वीकारली.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला. खरं तर ते सलग तिसरं नापिकीचं वर्ष. राज्यातलं धान्याचं उत्पादन नेहमीच्या निम्म्याहूनही खाली गेलं. ज्यांनी ती वर्षं पाहिली त्यांच्या बोलण्यात अजून तो काळ जिवंत आहे. रेशनवरची लालसर मिलो, कामावर वाटली जाणारी सुकडी, खडी फोडून सोललेले हात, मुकादमाची हजेरी, आठवडा संपला तरी न आलेला पगार. मे 1973 मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. हे काही केवळ प्रशासनाच्या कार्यक्षमतेमुळे घडलं नाही. लाल निशाण पक्ष, शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट, समाजवादी यांच्या पुढाकाराने मजुरांचे मोर्चे तहसील कचेऱ्यांवर धडकत होते. काम काढा, मजुरी वाढवा, पगार वेळेवर करा, या मागण्यांसाठी अधिकाऱ्यांना घेराव पडत होते आणि त्यांत बायका पुढे होत्या. विरोधी पक्ष सभागृहात रोज जाब विचारत होते. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी पुढे याच काळातल्या आफ्रिकेतल्या साहेल प्रदेशाशी महाराष्ट्राची तुलना केली. दरडोई धान्य महाराष्ट्रात साहेलपेक्षाही कमी होतं, पण तिथे दुष्काळाने मोठ्या संख्येने माणसं मेली आणि इथे तो संहार टळला. 1877 मध्ये याच मातीत माणसं मेली होती. पाऊस दोन्ही वेळा रुसला होता, फरक राजकारणाने आणि धोरणाने पाडला.

दुष्काळ सरला की कामं बंद, ही आजवरची रीत. या वेळी महाराष्ट्राने ती मोडली. योजना चालू राहिली, 1975 मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर आला, सोबत इतर काही अधिभार आले आणि जमलेल्या कराइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलं. 1977 मध्ये दोन्ही सभागृहांनी रोजगार हमी कायदा एकमताने मंजूर केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचं काम मागितलं की पंधरा दिवसांत ते द्यायचं, नाही दिलं तर बेकारभत्ता द्यायचा. बाईला आणि पुरुषाला एकाच कामाचा एकच दर. किती दिवस काम मिळेल यावर मर्यादा नाही. दुष्काळ जाहीर होण्याची अट नाही. तुम्ही गरीब आहात याचा दाखला नको. मागितलं, एवढंच पुरे.

हे एकमत कसं झालं, हे सुधारणा करू पाहणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासण्यासारखं आहे. मजुराला काम हवं होतं. बागायतदाराला पाझर तलाव हवा होता, कारण त्याच्या खालच्या अंगाला असलेल्या विहिरींचं पाणी वाढणार होतं. ग्रामीण आमदाराला मतदारसंघात कामं हवी होती. शहरावर कराचा बोजा पडला, पण गावातून मुंबईत येणारा लोंढा थोडा थांबेल ही आशा होती. पागे यांनी त्यागाचं आवाहन करून थांबायचं नाकारलं. वेगवेगळ्या हितसंबंधांना एका कायद्यात बांधलं आणि म्हणून मुख्यमंत्री बदलले, पक्ष बदलले तरी हमी टिकली.

देणाऱ्याचं कर्तव्य

याच काळात ऑक्सफर्डमध्ये एक तरुण तत्त्वज्ञ वेगळ्या वाटेने याच प्रश्नाकडे येत होता. 1971 मध्ये पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात आले, तेव्हा पीटर सिंगर यांनी दुष्काळ, सुबत्ता आणि नैतिकता यांच्यावर एक निबंध लिहिला, जो 1972 साली छापून आला. समोरच्या तळ्यात बुडणाऱ्या मुलाला कपडे खराब होतील म्हणून आपण वाचवलं नाही, तर ते जसं अक्षम्य, तसंच दूर देशीच्या माणसाचा जीव आपल्या चैनीच्या पैशातून वाचत असताना तो पैसा न देणं अक्षम्य, हा त्यांचा युक्तिवाद. दिलं तर पुण्य, ही पातळी ओलांडून त्यांनी न देण्याला चूक ठरवलं. पुढे याच विचारातून परिणामकारक परोपकाराची चळवळ उभी राहिली. तिने आणखी एक प्रश्न जोडला: दिलेल्या एका रुपयातून जास्तीत जास्त भलं कुठे होतं, हे मोजून बघा.

मला ही शिस्त मनापासून महत्त्वाची वाटते. भावनेच्या भरात दिलेला पैसा बऱ्याचदा देणाऱ्याचंच समाधान करतो. पण या चळवळीतल्या मोजमापाचा कल बराच काळ मच्छरदाणी, औषधाची गोळी, रोख मदत अशा सुट्या, मोजायला सोप्या गोष्टींकडे राहिला. धोरण बदलण्याचं काम लांबलचक आणि बेभरवशाचं, त्याचं श्रेय कुणा एकाला देता येत नाही, म्हणून ते मागे पडलं. पागे आणि सिंगर एकमेकांना ओळखत नव्हते, पण त्यांच्या विचारांची दिशा एकच आहे. मदत ही मर्जीची बाब आहे, हे दोघांनीही नाकारलं. सिंगर यांनी ते कर्तव्य व्यक्तीच्या खिशाला लावलं, पागे यांनी ते राज्याच्या कायद्यात लिहिलं.

मस्टर उघडा

हक्क कायद्यात आला तरी तो मजुराच्या हाती पडतोच असं नाही. हजेरीपटावर खोटी नावं, मोजमापात कपात, महिनोन्‌महिने थकलेली मजुरी, हे रोजगार हमीने भोगलं आहे. किमान वेतनाहून कमी मजुरी, हा टेंपलचा वारसाही लवकर सुटला नाही. तो सोडवायला सर्वोच्च न्यायालय लागलं. राजस्थानात मदनगंज-हरमाडा रस्त्याच्या दुष्काळी कामावर मजुरांना दिवसाला 7 रुपये हे किमान वेतनही मिळत नव्हतं. संजित रॉय यांच्या याचिकेवर 1983 मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी निर्णय दिला की दुष्काळी काम ही सरकारची मेहेरबानी नाही आणि किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करवून घेणं ही घटनेच्या 23 व्या कलमाने बंद केलेली वेठबिगार आहे. 1877 च्या संपकऱ्यांना घटनेच्या भाषेत न्याय मिळायला शंभरावर वर्षं गेली.

महाराष्ट्रात 1988 मध्ये रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीने, जवळपास दुप्पट झाली. त्यानंतरच्या वर्षांत कामाचे दिवस घटले. मजुरी वाढवायची आणि कामंच कमी काढायची, अशीही वाट शासन काढू शकतं हे तेव्हा दिसलं. कायदा झाला की लढाई संपत नाही, तिची जागा बदलते.

ती जागा नेमकी कुठे आहे, हे राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने ओळखलं. 1990 मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने साधी मागणी केली: आमच्या कामाचं मस्टर आम्हाला दाखवा. डिसेंबर 1994 पासून गावागावांत जनसुनावण्या झाल्या. हजेरीपट मोठ्याने वाचला जाई आणि ज्याच्या नावावर पैसे उचललेत तो माणूस उभा राहून सांगे की मी त्या कामावर गेलोच नव्हतो. मृतांची नावं निघाली, न झालेली कामं निघाली. 1996 मध्ये ब्यावरला दीर्घ धरणं झालं. हजेरीपट पाहण्याच्या या मागणीतूनच माहितीच्या अधिकाराची देशव्यापी चळवळ वाढली.

2005 हे या दोन्ही धाग्यांच्या भेटीचं वर्ष. त्याच वर्षी माहितीचा अधिकार कायदा झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या अनुभवावर उभा राहिलेला राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदाही. 2 फेब्रुवारी 2006 रोजी 200 जिल्ह्यांत सुरू झालेली ही हमी 2008 मध्ये सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोचली. कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची मर्यादा आली, हा महाराष्ट्राच्या कायद्यापेक्षा संकोच होता. पण घरापासून पाच किलोमीटरच्या आत काम, कामावर पाणी, सावली आणि मुलांची सोय, ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण, या तरतुदी त्यात होत्या. टेंपलने अंतर हे गरिबाला गाळण्याचं साधन केलं होतं. या कायद्याने जवळ काम देणं हे सरकारवर बंधन केलं.

एका रुपयाचं फळ

धोरण बदलून झालेलं भलं मोजता येत नाही, हा आक्षेप या कायद्यापुरता तरी टिकत नाही. आंध्र प्रदेशात दीडशेहून अधिक मंडळांत रोजगार हमीची मजुरी थेट आणि वेळेवर देण्याची सुधारणा टप्प्याटप्प्याने झाली आणि तिचे परिणाम मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी तपासले. गरीब कुटुंबांचं उत्पन्न वाढलं, पण त्यातली बहुतेक वाढ योजनेच्या पगारातून आली नव्हती. ती शेतावरच्या आणि बाहेरच्या मजुरीतून आली होती. हमीचं काम खात्रीचं झालं, म्हणून जमीनमालकाला मजुरी वाढवावी लागली. जी बाई एकदाही योजनेच्या कामावर गेली नाही, तिलाही आपला रोज वाढवून मागता आला. हे फळ अन्नछत्राला येत नाही. अन्नछत्रात जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी मालकासमोर तितकाच लाचार असतो. हातात पर्याय असलेला माणूस मालकाशी घासाघीस करू शकतो.

आणि 2020 साली टाळेबंदीत शहरं रिकामी झाली, चालत गावी पोचलेल्या लाखोंच्या हाती पहिलं काम याच कायद्याने दिलं. 2020-21 या वर्षात देशभर सुमारे 389 कोटी मनुष्यदिवसांचं काम झालं. संकट आल्यावर नवी योजना आखण्याची गरज पडली नाही, कारण माणसाने मागावं आणि सरकारने द्यावं ही व्यवस्था आधीच उभी होती. अनेक वर्षांपूर्वीच्या सुधारणेने अशा माणसांना सावरलं, ज्यांचा तिच्या कर्त्यांनी विचारही केला नसेल.

यात उणिवा नाहीत असं मी म्हणणार नाही. अंगमेहनत न करू शकणारे वृद्ध, अपंग, आजारी या हमीच्या बाहेर राहतात. पाझर तलावाचं पाणी बहुधा जमीनवाल्याच्या विहिरीत जातं आणि तो खणणाऱ्या भूमिहीनाला हंगामी मजुरीवर समाधान मानावं लागतं. कायदे बदलतात, त्यांची नावं बदलतात, मर्यादा आणि निधीची वाटणी बदलते, आणि प्रत्येक बदलात हमी पातळ होण्याचा धोका असतो. म्हणूनच नवा कायदा वाचताना एकच कसोटी हाती धरावी: काम मिळालं नाही तर सिद्ध कुणी करायचं, मजुराने की सरकारने? जिथे ते ओझं पुन्हा मजुराच्या अंगावर येतं, मग ते तांत्रिक अटीमुळे असो, बोटाच्या न जुळणाऱ्या ठशामुळे असो की संपलेल्या निधीमुळे, तिथे टेंपलची मजुरी नव्या रूपात परतलेली असते.

आज मनापासून देऊ इच्छिणाऱ्या माणसाला या मागोव्यातून काय सांगावं? समोर उपाशी माणूस असेल तर जोतीराव-सावित्रीबाईंनी केलं तेच करावं, आधी जेवू घालावं. पण तिथे थांबू नये. काम मागणीचा अर्ज लिहून देणारा आणि त्याची तारखेची पोच मिळवून देणारा कार्यकर्ता, ग्रामसभेत हजेरीपट मोठ्याने वाचणारी संघटना, थकलेल्या मजुरीची याचिका लढवणारा वकील, योजनेचे आकडे दर महिन्याला तपासणारा अभ्यासक, यांच्यामागे आपला पैसा आणि वेळ उभा करावा. हे काम दिसत नाही, त्याच्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागत नाही आणि फळ यायला दशकं जातात. सार्वजनिक काकांनी 1877 मध्ये पाठवलेल्या निवेदनांचं पुरतं फळ त्यांच्या हयातीत आलं नाही. तरी ज्या सुधारणेने कोट्यवधी माणसांना कुणाच्या दयेशिवाय काम मागता आलं, तिची पायाभरणी त्याच निवेदनांनी, त्याच संपाने केली. ज्या देण्यामुळे घेणाऱ्याला पुढच्या वेळी कुणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत, ते देणं सर्वांत मोठं. आणि ते देण्याची संधी आजही प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक थकलेल्या हजेरीपटापाशी आपली वाट पाहत आहे.